थोरलीचा डावा गाल

परवा गौरी गेल्या. हाताला अजून केवड्याचा वास आहे, नखांच्या कडेला हळद आहे आणि मी प्रयोगशाळेत बरणीचं झाकण उघडून अमोनियाच्या भपकाऱ्यात उभी आहे. डोळ्यांत पाणी यायला दुसरं कारण नको. आमच्याकडे अशा काचेच्या मोठ्या बरण्या रांगेनं मांडलेल्या असतात. तळाशी अमोनियाचं पाणी आणि वर जाळीवर पितळेच्या वाकवलेल्या पट्ट्या. पट्टी घोड्याच्या नालासारखी वाकवायची, दोन्ही टोकांतून बोल्ट घालून आवळायचा आणि त्या वाफेत ठेवून द्यायची. कोणी नळ्या बनवतं, कोणी झडपा बनवतं. त्यांचा धातू अशा हवेत टिकेल का, हे आम्ही त्याला आधी छळून बघतो. छळ हाच आमचा धंदा म्हणा ना! सासरी कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते की धातूला तडा कधी जातो ते बघते. त्यावर आमच्या सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, "त्यात काय बघायचं? वापरलं की जातोच."

दरवर्षी भाद्रपदात हा वास मला सासरी, लोणी काळभोरला, घेऊन जातो. वास इथला, पण मन तिकडच्या माजघरात जाऊन उभं राहतं आणि मान खाली जाते. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही. माझी मान सहसा खाली जात नाही. माहेर पेठेतलं, तोंड फटकळ, आणि त्यात धातूशास्त्राची पदवी. म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायला. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मावशीनं विलासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पोरगी गुणाची आहे. फक्त तिला बरोबर असण्याची सवय आहे, तेवढं सांभाळून घ्या."

तर दोन वर्षांमागचा तो भाद्रपद. आमच्या बरण्यांमध्ये तेव्हाही पितळच होतं. पट्ट्या वाफेतून काढायच्या, धुवायच्या, पुसायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या. वरून पट्टी ठणठणीत दिसते. वजन घटत नाही, झीज दिसत नाही. आणि आत बघावं तर केसाएवढी चीर, तिला फांद्या, फांद्यांना आणखी फांद्या. मी किती वर्षं बघतेय, तरी दर वेळी पट्टी काढून पुन्हा एकदा धरते. आमचे सर निवृत्तीला आलेले, बोलणं तिरकं. नव्या माणसांना ते हे प्रकरण एका दमात समजावतात. "पितळ, ताण आणि वाईट हवा. तिघं एकत्र जमली की तडा. एकेकट्याला बोलवा, तिघंही सज्जन."

मग ते काडतुसांची गोष्ट सांगतात. इंग्रजांच्या काळी छावणीत पावसाळा आला की काडतुसांची पितळी नळकांडी आपोआप चिरायची. कोणी हात लावला नाही, कोणी आपटली नाही. शेवटी कळलं की शेजारच्या तबेल्यातल्या घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटतो, दमट हवेत तो पितळेवर बसतो आणि ठोकून घडवलेल्या नळकांड्याच्या अंगात जो ताण राहिलेला असतो तो तिथं मोकळा होतो. पण हे कळेपर्यंत लोकांनी खापर ऋतूवरच फोडलं आणि त्या तड्याला ऋतूचं नाव पडलं. गोष्ट संपली की सर बजावतात, "आपल्या रिपोर्टात काय झालं आणि कशानं झालं एवढंच लिहायचं. कोणी केलं हा रकाना आपल्याकडे नाही. तो ज्यांना हवा असेल त्यांनी चौकीवर जावं." हे मी शंभरदा ऐकलेलं. मीसुद्धा नव्या मुलींना ऐकवलेलं.

त्या वर्षी माझ्या मोठ्या जाऊबाई, शोभाताई, लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेल्या होत्या. एरवी गौरी बसवायच्या त्या आईंनी आणि शोभाताईंनी. आई म्हणजे सासूबाई. मी खराडीच्या फ्लॅटमधून दुसऱ्या दिवशी पुरणपोळीला हजर व्हायचे, आग्रहानं वाढून घ्यायचे, हळदीकुंकवाला दोन बायकांशी बोलायचे आणि 'उद्या ऑफिस आहे हो' म्हणून पसार. पाहुणी सून! त्या वर्षी मात्र विलास म्हणाला, "आईला एकटीला जमणार नाही, तू आवाहनालाच जा." मी रजा टाकली. मंडईतून केवडा, तेरडा, पत्री, शेपूची जुडी असं सगळं घेतलं आणि मिरवत गेले. आपल्याशिवाय ह्यांचं अडतं, ह्याचा जरा आनंदच होता.

आईंनी लाल कापडात गुंडाळलेले दोन्ही मुखवटे पाटावर ठेवले. पितळी, जड, त्यांच्याही सासूच्या आधीचे. थोरली आणि धाकटी. मी थोरलीचं कापड सोडलं आणि चिंचेच्या कोळात चिंधी बुडवली, तोच आई एकदम म्हणाल्या, "थांब. तिच्या डाव्या गालाला हात लावू नको."

"का हो?"

"नको म्हणलं ना. धाकटी घास तू."

असं सांगितल्यावर मी थांबणार? मी मुखवटा उजेडाकडे वळवला. डाव्या कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत एक रेघ होती. तिच्यात मेण भरलेलं आणि वरून हळदीकुंकवाचा लेप. इतकी वर्षं मी समोर बसून जेवत होते, पण तिथं नथीचा सर आणि गजरा असा काही सोडलेला असायचा की कोणाच्या बापाला दिसू नये. पर्समध्ये माझं छोटं भिंग असतं. मी ते काढलं. मेणाच्या कडेला चिरेचा एक फाटा बाहेर आला होता आणि त्याला पुढे दोन बारीक फाटे. ओळखीचं माणूस अचानक परक्या गावात भेटावं, तसं झालं मला.

आई दाराला कडी लावून आल्या. खाली बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"दादा गेले ना," त्या म्हणाल्या, "त्याच वर्षी हे दिसलं मला." दादा म्हणजे माझे सासरे. माझं लग्न व्हायच्या आधीच गेलेले. "गौरी काढल्या आन बघते तर तडा. बाहेर बायका येऊन बसलेल्या. खंडित मूर्ती पुजू नये, हे काय मला ठावं नव्हतं? पण सासूबाईंनी हातात दिलेल्या गौरी. माझ्या हातनं मोडल्या, हे चारचौघींत कुठल्या तोंडानं सांगू? मेण भरलं आन बसवल्या. दिवाळीच्या आतच दादा गेले." मग हळू आवाजात म्हणाल्या, "तवापासनं दर वर्षी बसवते. दर वर्षी तिच्याकडं बघायचं धाडस होत नाय. कुणाला बोलले नाय मी. शोभीला पण नाय."

ही बाई घरात कोणाला बोलू देत नाही. भाजीवाल्याला, कामगारांना, भाड्यानं राहणाऱ्या कॉलेजच्या पोरांना, सगळ्यांना धाकात ठेवते. आणि ही इतकी वर्षं नवऱ्याच्या मरणाची लाज एकटी उराशी घेऊन गौरीपुढे आरती ओवाळत होती. मला भरून आलं, खरंच आलं. पण मला भरून आलं की मी गप्प बसत नाही, मी समजावून सांगते. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"आई, काहीतरीच काय! ह्यात देवाचा कोप नाही, काही नाही. हा तडा मी रोज बघते. माझं कामच आहे ते." आणि मी सुरू झाले. पितळ कसं असतं, अमोनिया काय करतो, पावसाळ्यात काय होतं. काडतुसं सांगितली, घोडे सांगितले. आई तोंडाकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल होत होतं. ते बघून मला आणखी चेव आला.

"ह्या वर्षभर असतात कुठं?"

"खताच्या खोलीत. फळीवर."

"गोठ्याला लागून आहे ती? तिथं युरिया असतो?"

"मग! खताच्या खोलीत युरिया नाय तर काय पेढे असणार?"

"सापडलं!" मी अक्षरशः टाळी वाजवली. "आई, तेच! युरिया ओला झाला की अमोनिया सुटतो, वर गोठ्याचा आहेच. बंद खोली, दमट हवा. तुमच्या फळीवर आमच्या बरणीतलीच हवा आहे हो! कोणी ठेवल्या तिथं?"

बोलून गेले. जो रकाना आमच्याकडे नाही, तो मी त्या माजघरात आखला.

"मीच," आई म्हणाल्या. "घर नवीन बांधलं, खोल्या कॉलेजच्या पोरांना दिल्या. परकी माणसं घरात, म्हणून आतल्या कपाटातनं काढून मीच तिकडं नेल्या. कुलूप त्याच खोलीला हाय." त्यांनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. "म्हंजी तडा माझ्यामुळंच गेला."

"अहो नाही, तसं नाही..."

"अगं, आत्ताच म्हणालीस की." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "आजवर कुठंतरी वाटायचं, माझ्याकडनं कायतरी चुकलं आसंल. आसंल. आता नक्की झालं."

त्या उठल्या, कडी काढली आणि शेपू निवडायला गेल्या. माझ्या हातात भिंग होतं. ते कुठं ठेवावं हेसुद्धा मला सुचेना. धरणी पोटात घेईल तर बरं, असं लोक का म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. दुसऱ्या दिवशी पुरणाची पोळी वाढताना आईंनी नेहमीसारखा आग्रह केला, तूप सढळ घातलं. बायका आल्या, सजावटीची वाहवा झाली. एकीनं विचारलं, "ह्या धाकट्या सूनबाई ना, शास्त्रज्ञ?" आई म्हणाल्या, "व्हय. लई हुशार हाय." मी वाढायचं निमित्त करून आत गेले.

लाजेची एक गंमत आहे. चूक केली असती तर माफी मागून मोकळी झाले असते. पण मी बरोबर बोलले होते. बरोबर बोलल्याची माफी कशी मागायची आणि कोणत्या शब्दांत? मी काही खोटं सांगितलं नव्हतं, कोणाला टोमणा मारला नव्हता. मी फक्त एका बाईच्या मनातली शंका काढून तिच्या जागी खात्री बसवली होती. परत येताना हडपसरच्या वाहतुकीत अडकलेलो असताना विलासला सांगितलं. तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाला, "तुला प्रत्येक गोष्ट सांगायलाच हवी का गं?" एरवी मी ह्यावर सोलापूर रस्ताभर भांडले असते.

थंडीत कधीतरी चहाच्या वेळी मी सरांना हा प्रकार सांगितला. घरचा म्हणून नाही सांगितला, 'एका ओळखीच्यांकडे' म्हणून. लाज अशी चतुर असते. सर बिस्कीट बुडवता बुडवता म्हणाले, "मुखवटे दोन ना? दुसऱ्याचं काय?"

"दुसऱ्याचं काय म्हणजे?"

"त्याच फळीवर, त्याच हवेत, तितकीच वर्षं. त्याला तडा आहे का?"

धाकटी! धाकटीला मी स्वतः घासलं होतं. तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. सर म्हणाले, "तुलनेला नमुना समोर असताना न बघता निष्कर्ष? मग मंडईपाशी पोपट घेऊन बसा मॅडम. तोही एकच पाकीट उचलतो." तिघं जमल्याशिवाय तडा जात नाही, हे जी बाई पोरींना शिकवते, तिनं तिघांतल्या एकालाच पकडून फाशी दिली होती. आणि ती फळी, ते कुलूप, ती खोली माझ्या सासूची होती.

पुढच्याच रविवारी मी लोणीला गेले. आई अंगणात शेंगा फोडत होत्या. मी शेजारी बसले, मीही फोडू लागले आणि गप्पांत विचारलं, "थोरली कधी पडली होती का हो? मार लागला होता का तिला?"

"पडली होती की. सासूबाईंच्या हातनं. गाल चेपला होता. तांबटाकडनं ठोकून आणला त्यांनी. मी नवी होते तवा."

"डावा?"

"डावाच आसंल."

मला हर्ष झाला, पण ह्या वेळी मी टाळी वाजवली नाही. सावकाश सांगितलं. थंड पितळ ठोकलं की त्याच्या अंगात ताण राहतो, ते पुन्हा तापवून सैल करावं लागतं. ते केलं नसणार. तो ताण त्या गालात तेव्हापासून बसून होता. धाकटीला कोणी ठोकलं नाही, म्हणून ती त्याच फळीवर धडधाकट राहिली. म्हणजे नुसत्या खोलीनं काही झालेलं नाही. म्हणजे, आई, तुम्ही नाही.

आईंनी शेंगा फोडणं थांबवलं नाही. "तवा म्हणालीस खोलीनं झालं. आता म्हणतीस ठोकल्यानं झालं. मला बरं वाटावं म्हणून बोलतीस, ते का मला कळत नाय?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आन तेबी मेलेल्या बाईवर ढकलून? सासूबाईंनी जीव लावून दुरुस्त करून आणली ती. त्यांचं नाव काढू नको पुन्हा."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्धं खरं मी झोकात सांगितलं, ते त्यांना लागलं, म्हणून पटलं. सगळं खरं सांगायला आले, तर ते दिलाशासारखं दिसत होतं आणि दिलाशावर त्यांचा विश्वास नव्हता. मीच घालवला होता. मी फुटलेल्या शेंगांची टरफलं गोळा केली आणि उठले.

मागच्या वर्षी आवाहनाला शोभाताई होत्या. दारात हळदीकुंकवाची पावलं काढलेली. थोरलीला आत आणायचा मान आईंचा. शोभाताई मुखवट्याचं ताम्हण पुढे करून म्हणाल्या, "घ्या आई." आई दोन पावलं मागं सरल्या. "तूच घे गं. माझं गुडघं धरल्यात." सगळ्यांनी गुडघ्यांची चौकशी केली, कोणी तेल सुचवलं. आई थाळी वाजवत बाजूनं चालल्या, अगदी नीट, न लंगडता. गुडघ्यांना काही झालं नव्हतं हे तिथं फक्त मला ठाऊक होतं. मी तोंड दुसरीकडे करून समईच्या वाती सारख्या करत बसले. त्या मुळात सारख्याच होत्या.

आणि यंदा. यंदा आईंनी आधीच फोनवर सांगितलं, "थोरली ह्या खेपी तू बसव." मी म्हटलं, "मी?" "व्हय, तू. तुझा हात चांगला हाय." फोन ठेवल्यावर मी ते वाक्य विलासलासुद्धा सांगितलं नाही. काय सांगणार होते!

गेले. ह्या खेपेला काही समजवायचं नाही, असं रस्ताभर स्वतःला बजावत गेले. थोरलीला दारातून आत आणलं. आई भिंतीला टेकून लांब उभ्या, हात पदराखाली. शोभाताई धाकटीच्या निऱ्या काढण्यात गुंतलेल्या. मी थोरलीला साडी नेसवलेल्या धान्याच्या कोठीवर बसवलं आणि सोडलं, तर ती डावीकडे कलली. पुन्हा बसवली, पुढे झुकली. खाली कापडाची घडी घातली, तर मान मुरगळल्यासारखी दिसायला लागली. मुद्दाम करत होते असं कोणाला वाटेल, पण शपथ घेऊन सांगते, मला खरंच येत नव्हतं. आयुष्यात कधी बसवली असती तर आलं असतं! तळहाताला घाम सुटला, मुखवटा निसटतो की काय असं झालं. मी इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "आई, मला नाही हो जमत."

हे वाक्य त्या घरात मी पहिल्यांदाच म्हणत होते.

"अगं अगं अगं, पडंल की! अशी धरतात व्हय?" आई भिंत सोडून आल्या. एका हातानं मागून मान धरली, दुसरा हात पुढून लावला, खालची घडी बोटानं जरा सरकवली आणि थोरली ताठ बसली. मग त्यांना कळलं हात कुठं आहे ते. तळवा डाव्या गालावर होता, पुरा, मेणासकट. जिभेवर धाकटी आली, तांबट आला, ताण आला. मी दात आवळले.

आईंनी हात काढला नाही. थोरलीकडे बघत होत्या, सरळ, तोंडासमोर तोंड आणून. डोळे भरले होते, पण पापणी हलू दिली नाही त्यांनी. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? पदर दे तिचा."

मी खाली मान घालून पदर दिला.